सहाव्या बाईच्या बांगड्या

इशरतच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला तेव्हा सगळ्यात आधी हाल झाले ते भाकऱ्यांचे. तव्यासमोर बसून ती स्वतःशीच पुटपुटायची, "पीठ आहे तोवर थापत राहा, पीठ संपलं की थांब." हुकूम अगदी चोख होता. फक्त त्यात भाकरी उलटायचं कुठेच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ती उलटली जायची नाही आणि भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या त्या बोळात करपल्याचा वास सुटायचा. मग तिची आई खदीजा धावत यायची.

"काय गो, मशीन शिकतेस का मशीन झालीस?"

"अम्मी, बघ ना, मी एक पायरी लिहायलाच विसरले!" इशरत आनंदाने ओरडायची. करपलेल्या भाकरीकडे बघून कोणी इतकं खूश होतं का? पण ती व्हायची. आपली चूक नेमकी कुठे झाली ते सापडण्यातली गंमत तिला नवीनच कळली होती, आणि नव्या नवरीने दागिना मिरवावा तशी ती तिला मिरवत होती.

ही शिकवणी लावली होती केसरीनाथ सरांकडे. सर मूळचे अंबाडीकडचे. मुंबईत एका कचेरीत कॉम्प्युटरवर बसायचे, तिथे कंटाळले आणि निजामपुऱ्यात एक माडी भाड्याने घेऊन क्लास काढून बसले. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला असलेली इशरत तिथे गेली ती मैत्रीण नको म्हणाली म्हणून एकटीच. अब्बांनी 'जाऊ दे, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे' म्हणून परवानगी दिली. अब्बांना आपल्या कापड विणायच्या लूमच्या पट्ट्यापलीकडे दुसऱ्या कशाची काळजी करायला फुरसत नव्हती, हेही खरं.

माडीवर मशीन एकच. त्याला सरांनी सुनेसारखं जपलं होतं. चपला दाराबाहेर काढायच्या. भिवंडीची हवा म्हणजे अर्धी हवा आणि अर्धी रुई. ती रुई कीबोर्डात जाऊन बसायची, म्हणून सर रोज सकाळी रंगाच्या ब्रशने एकेक बटण झाडायचे. आणि शुक्रवार म्हणजे या क्लासचा सण. लूम बंद, बोळ शांत, व्होल्टेज भरपूर. एरवी मशीन कधी डोळे मिटेल याचा नेम नसायचा, पण शुक्रवारी त्याच्यासमोर निवांत बसता यायचं.

शिकवायचे ते 'सी' नावाची भाषा. एका अक्षराचं नाव आणि तोरा एवढा, की एक अर्धविराम गाळला तरी तोंड फिरवून बसणार. पहिल्याच आठवड्यात इशरतने तिला आपलं नाव छापायला सांगितलं आणि काळ्या काचेवर हिरव्या अक्षरांत ते उमटलं. मग सरांनी 'फॉर' शिकवला. म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा हुकूम: कुठून सुरू करायचं, कुठवर जायचं आणि दर खेपेला किती पुढे सरकायचं, एवढं सांगितलं की झालं. इशरतने तिथे हजार लिहिलं आणि बटण दाबलं. तिचं नाव काचेवरून नुसतं वाहायला लागलं. ती किंचाळली. वर्गातले मुलगे हसले. सर म्हणाले, "हसू नका रे. पहिल्यांदा असंच ओरडायचं असतं."

तीन महिने असे उडाले आणि क्लास संपला. संपला म्हणजे मशीनही संपलं. घरी कॉम्प्युटर असण्याचा काळ नव्हता तो, आणि कोणाच्या घरी जाऊन बसावं तर असं घर भिवंडीत शोधून सापडलं नसतं. शेवटच्या दिवशी इशरतचा चेहरा बघून सरांनाच राहवलं नाही.

"हे बघ इशरत, सकाळची वेळ रिकामी आहे. बायकांची बॅच काढायचं माझ्या मनात आहे. पण त्यांच्या घरचे म्हणतात, शिकवायला बाई हवी. तू शिकवशील?"

"मी?"

"तूच. रोज सकाळी किल्ली तुझ्याकडे. बॅचच्या आधी तास-दीड तास मशीन तुझं, काय हवं ते कर. पण एक अट. येत्या शुक्रवारी बायकांना बोलावतो. तू त्यांना पहिला धडा दे. तो बघून पाच नावं आली तर बॅच सुरू. नाही आली तर सकाळी मशीनवर लग्नपत्रिका जुळवायच्या. त्याचं गिऱ्हाईक दारात उभंच आहे."

रोज सकाळी तास-दीड तास मशीन! इशरतला वाटलं, कोणीतरी आपल्याला चंद्र हातात देतंय आणि वर विचारतंय, चालेल ना? ती जिना उतरली ती दोन-दोन पायऱ्या गाळत.

घरी मात्र अम्मीने कपाळाला हात लावला. खदीजा काही शिक्षणाच्या विरुद्ध नव्हती. तिची भीती वेगळी होती. "शिकलीस ते ठीक. पण चार बायकांत उभी राहून मास्तरकी करायची? काही चुकलं तर मोहल्लाभर हसं होईल. लोक तुला नाय हसणार, मला हसणार." तरीही शुक्रवारी ती बरोबर आली. मुलगी आगीत उडी मारणार असेल तर आईने निदान पाण्याची बादली घेऊन जवळ असावं, तशी.

धड्यासाठी इशरतने एक प्रोग्राम मनाशी ठरवला होता. नुसतं नाव छापलं तर बायका म्हणतील, यात काय, आमच्या पोराची पाटी पण करते. म्हणून समोर बसलेल्या पाच जणींच्या हातातल्या बांगड्या मशीनकडून मोजून घ्यायच्या आणि शेवटी बेरीज. त्याला 'ॲरे' लागत होता. ॲरे म्हणजे ओळीने लावलेली घरं. प्रत्येक घरात एक आकडा आणि प्रत्येक घराला नंबर. हा भाग सरांनी अगदी शेवटी, घाईत शिकवला होता. त्यात एक विचित्र गोष्ट होती: पहिल्या घराचा नंबर एक नसून शून्य. वर्गातल्या मुलग्यांनी ते निमूट पाठ केलं. इशरतला पाठ करणं जमेना. तिला कारण हवं होतं, आणि ते तिने आपल्याच घरात शोधून काढलं. तिचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, भात मापताना पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणायचे नाहीत. 'बरकत' म्हणायचे. बरकत, दोन, तीन, चार. एकापासून मोजलं तर धान्य एकावरच अडतं, असा समज. 'झालं तर मग,' इशरत स्वतःवर खूश होऊन म्हणाली, 'शून्य म्हणजे बरकत!' मोठ्या आनंदात तिने कागदावर प्रोग्राम लिहिला. तो चालवून बघायला वेळ मिळाला नाही, कारण दोन दिवस मशीनवर कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका जुळत होत्या.

शुक्रवारी माडीवर बायका जमल्या. बाकावर पाच जणी बसल्या. पहिली राहीबाई, अंजूरची शेतकरीण, हात कोपरापर्यंत हिरव्या चुड्याने भरलेले. ती स्वतः शिकायला आली नव्हती, लेकीला कुठल्या घरात सोडतोय ते बघायला आली होती. तिच्या शेजारी लेक तुळजा. मग इशरतच्याच बोळातली नूरी, नूरीची भावजय, आणि शेवटी बालवाडी चालवणारी चंद्रा. बाकाच्या टोकाला, चंद्राच्या पलीकडे, स्टुलावर पाण्याचा माठ. खदीजा मात्र बाकावर बसली नाही. दाराजवळच्या खुर्चीवर ओढणी सावरून बसली, चपलांच्या जवळ.

इशरत मशीनपाशी उभी राहिली. तिने डबा म्हणजे काय ते सांगितलं: मशीनच्या पोटात डबे असतात, आपण डब्याला नाव द्यायचं, आत आकडा ठेवायचा. नवा आकडा टाकला की जुना जातो. "म्हंजे आमच्या सासूसारखा," नूरीची भावजय म्हणाली, "नवीन ऐकलं की जुनं विसरते." सगळ्या हसल्या. इशरतला एकदम हलकं वाटलं.

"आता तुम्ही पाच जणी म्हणजे पाच डबे, ओळीने," ती म्हणाली. "पहिला डबा राहीमावशी. त्यांचा नंबर शून्य."

राहीबाईच्या भुवया वर गेल्या. "आगं पोरी, मी सगल्यांत मोठी, आनि मना शून्य केलास? शून्य म्हंजे न्हाय ना? मी तर हितं बसलीय, चांगली दोन मानसांची जागा आडवून."

तुळजाने आईचा पदर ओढला. दाराजवळ खदीजाने डोळे मिटून घेतले. पण इशरत कुठली गडबडते! ती याच प्रश्नाची वाट बघत होती.

"शून्य म्हणजे नाही, असं नाही, मावशी. भात मापताना तुम्ही पहिल्या पायलीला काय म्हणता?"

"लाभ."

"आमच्यात म्हणतात बरकत. तुम्ही आमच्या लाभ!"

राहीबाईचा चेहरा असा फुलला की विचारू नका. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि बाकावर बोट फिरवत मोजून दाखवलं, "लाभ, दोन, तीन, चार, पाच." चंद्रापाशी पाच पूर्ण झाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एवढं सोपं असेल तर आपणही शिकू, असं प्रत्येकीच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. सर मागे उभे राहून मिशीतल्या मिशीत हसत होते. इशरतने मनातल्या मनात किल्ली हातात घेतलीसुद्धा.

मग बांगड्यांची मोजणी झाली. राहीबाईच्या चोवीस, तुळजाच्या बारा, नूरीच्या आठ, भावजयीच्या सोळा, आणि चंद्राच्या दोन, कारण तिच्या दुसऱ्या हातात घड्याळ होतं. इशरतने आकडे टाइप केले, 'फॉर'ला सांगितलं की शून्यापासून निघ, पाचापर्यंत जा, वाटेतल्या प्रत्येक घरातला आकडा छाप आणि बेरजेत टाक. अर्धविराम तपासले. सगळ्यांना जवळ बोलावलं आणि बटण दाबलं.

चोवीस. बारा. आठ. सोळा. दोन. आणि त्याखाली आणखी एक ओळ: उणे चार हजार एकशे साठ. त्याच्याखाली बेरीज: उणे चार हजार अठ्ठ्याण्णव.

बायका काचेजवळ आणखी वाकल्या.

"ही उणे म्हंजे काय गो?" नूरीने विचारलं.

"उणे म्हंजे देणं," भावजय म्हणाली. "आपन मशीनला चार हजार बांगड्या देणं लागतो!"

मग मात्र हसण्याचा जो फवारा उडाला, तो खालच्या बोळात ऐकू गेला असेल. राहीबाई पोट धरून हसत होती. "सहावी बाई कोन गं? कुठली बया ही, जिच्या हातान हजारांनी उन्या बांगड्या?" चंद्रा हसली नाही, आणि तेच इशरतला जास्त लागलं. बालवाडीच्या बाईंनी पर्स खांद्याला लावली होती.

इशरतचे कान तापले. डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि ते येऊ नये म्हणून तिने काचेकडे टक लावली. सर पुढे सरकले. "सरक, मी बघतो." दाराजवळ खुर्ची वाजली. खदीजा उभी राहिली होती. "इशरत, चल. झालं ना? चल घरी."

त्या एका घटकेत इशरतला स्पष्ट दिसलं की ती आता उठली तर सगळं गेलं. रोजची सकाळ गेली, किल्ली गेली, ती हिरवी अक्षरं गेली. आणि सरांनी चूक दुरुस्त केली तरी ती सरांनी केलेली असणार. तिला ते सहन होईना. ही चूक तिची होती. तिला ती स्वतः पकडायची होती, करपलेल्या भाकरीसारखी.

"सर, दोन मिनिटं," ती म्हणाली. "अम्मी, तू बस. सगळ्या बसा बाकावर, आधी होतात तशा. चंद्राताई, तुम्ही पण, प्लीज."

तिच्या आवाजात असं काही होतं की बायका बसल्या. खदीजाही बसली.

"आता मी मशीन. मी स्वतःचं डोकं वापरणार नाही. लिहिलंय तेवढंच करणार." ती राहीबाईपाशी गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शून्य. मशीन म्हणतंय, पुढच्या घरी एक वाढव." तिने तुळजाच्या खांद्यावर हात ठेवला. "एक."

"एक कसा येल?" राहीबाई मापाच्या सवयीने बोलून गेली. "लाभामागून दोन."

इशरतचा हात तुळजाच्या खांद्यावरच राहिला. तिने राहीबाईकडे पाहिलं, मग काचेकडे, मग पुन्हा राहीबाईकडे. चूक इथेच जवळपास कुठेतरी होती.

"थांबा, थांबा, कोणी बोलू नका! तुळजा एक. नूरी दोन. भाभी तीन. चंद्राताई चार." बाक संपला. "पण मी त्याला सांगितलंय पाचापर्यंत जा! ते थांबणार कसं? ते पुढे जाणार..." तिने हात पुढे नेला आणि तो ओल्या, गार माठावर टेकला. "पाच!"

माठावर हात ठेवून ती खदाखदा हसायला लागली.

"अगं, मशीनने माठाला विचारलं, तुझ्या हातात बांगड्या किती!"

बायकांना अजून उलगडलं नव्हतं. इशरतचं तोंड आता सुटलेल्या लूमसारखं चालू लागलं. "आपण लाभावरून एकदम दोनावर उडी मारतो ना? एक म्हणतच नाही. म्हणून पाच घरांत आपला शेवट पाचावर होतो. मी शून्याला बरकत केलं आणि शेवट ठेवला आपल्या सवयीचा, पाच. पण त्या बिचाऱ्याला उडी ठाऊकच नाही! ते शून्यानंतर एक म्हणतं. शून्य, एक, दोन, तीन, चार, इथेच पाच घरं झाली. मी म्हटलं पाचापर्यंत जा, तर ते बिनबोभाट शेजाऱ्याच्या घरात शिरलं आणि तिथे जे पडलं होतं ते उचलून घेऊन आलं."

"शेजाऱ्याच्या घरान?" राहीबाईने तोंडावर हात ठेवला. "आनि त्याला कोनी आडवलं न्हाय?"

"ही भाषा कोणाला अडवत नाही, मावशी. सांगाल ते करते. शहाणपण आपलं आपण ठेवायचं."

ती मशीनकडे धावली. एकच खूण खोडली, म्हणजे 'पाचापर्यंत'चं 'पाचाच्या अलीकडे' झालं. बटण दाबलं. चोवीस, बारा, आठ, सोळा, दोन. बेरीज बासष्ट. चंद्राने बोटांवर पुन्हा बेरीज करून पाहिली आणि पर्स खांद्यावरून खाली ठेवली.

खरं तर इथे टाळ्या पडायला हव्या होत्या. त्या पडल्या नाहीत, कारण बायकांना बरोबर उत्तरात काही रसच राहिला नव्हता. नूरी म्हणाली, "परत चुकव ना. सहाव्या घरात काय होतं ते परत दाखव." भावजयीला सातवं घर बघायचं होतं. तुळजा म्हणाली, पन्नासावं. इशरतने पन्नास लिहिलं आणि काचेवर असे काही वेडेवाकडे आकडे धो धो वाहत गेले की सगळ्या खुर्चीच्या पाठीला धरून वाकल्या. प्रत्येक आकडा कोणाचा, तो तिथे कोणी ठेवला, परत चालवलं तर तोच येईल का, एकेकीचे प्रश्न संपेनात. इशरतला दोन प्रश्नांची उत्तरं येत होती, तिसऱ्याचं येत नव्हतं. "मला ठाऊक नाही," ती चमकत्या डोळ्यांनी म्हणाली, "पण सकाळी आपण शोधू!"

सर घसा खाकरून पुढे आले. "त्याचं असं आहे की मेमरी ही सलग..."

"सर, तुमी बसा जरा," राहीबाई म्हणाली. "पोर सांगतेय ना."

सर बसले. पण सर व्यवहाराला पक्के होते. त्यांनी नावं विचारली. तुळजा, नूरी, नूरीची भावजय, चंद्रा. बाकावर बसलेल्या पाच जणींतली राहीबाई म्हणाली, "मना न्हाय जमनार, मना भाताची खाचरं हायत." सरांनी पेनाचं टोपण लावलं. "चार झाली. मी पाच म्हटलं होतं, इशरत. बघ, मला वाईट वाटतं, पण..."

इशरतने नूरीकडे पाहिलं, नूरीने भावजयीकडे. बोळात आणखी कोणाला विचारता येईल याची सगळ्या मनाशी जुळवाजुळव करू लागल्या, आणि कोणाचंच नाव सुचेना.

दाराजवळून आवाज आला, "पाचवं माझं लिहा."

खदीजा ओढणी सावरत उभी होती. मुलीकडे तिने बघितलंच नाही. ती सरांशी बोलत होती, आणि बाजारात कोथिंबिरीची जुडी परत करावी तशा आवाजात.

"अम्मी, तू?" इशरतच्या तोंडून एवढंच निघालं.

"का, मला डोकं नाय? दोन तास चपलांजवळ बसून ऐकतेय." ती बाकाकडे आली, राहीबाईला उठवून सगळ्यांना एकेक जागा लाभाच्या टोकाकडे सरकायला लावलं, आणि माठाच्या अलीकडे, शेवटच्या रिकाम्या जागेवर बसली. मग सरांकडे बोट करून म्हणाली, "आणि नावापुढे पाच नका घालू. पाच तो माठ. माझं घर चार नंबरचं."